एका मज्जापेशीचे बोल

यात्रेच्या दिवशी गावाबाहेरच्या टेकडीवर उभे राहून खाली पसरलेल्या गर्दीकडे कान लावला, तर काय ऐकू येते? एक अखंड गजबज. त्या गजबजीवरून यात्रा भरली आहे एवढे कळते. दुपारी ती वाढली आणि रात्री ओसरली, हेही कळते. परंतु कोण भाव करीत आहे, कोण भांडत आहे, कोण हरवलेल्या मुलाला हाका मारीत आहे, यांतले काहीएक कळत नाही. ते कळावयास टेकडी उतरून गर्दीत शिरावे लागते आणि एखाद्या माणसाच्या अगदी शेजारी जाऊन उभे राहावे लागते.

मेंदूच्या अभ्यासकांपुढे नेमकी हीच अडचण होती. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. नव्या पाठ्यपुस्तकांत यांनाच चेतापेशी म्हणतात. डोक्याच्या कातडीवर धातूच्या चकत्या लावून मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपण्याची युक्ती हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२४ मध्ये साधली. अपस्माराच्या रोग्यांची तपासणी आजही तिच्या साहाय्याने होते. परंतु ही युक्ती म्हणजे टेकडीवरून ऐकलेली गजबज होय. लक्षावधी पेशींचा आवाज तीत एकत्र मिसळलेला असतो. एकेकटी पेशी काय बोलते हे ऐकण्यासाठी शास्त्रज्ञांनी जी सूक्ष्म सुई तयार केली, तिची हकीकत या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. ही हकीकत प्रयोगशाळेत सुरू होते. परंतु ती लहान मुलांच्या डोळ्यांपाशी येऊन थांबते. म्हणून विद्यार्थ्यांबरोबर घरच्या वडील माणसांनीही ती वाचावी, अशी आमची विनंती आहे.

पेशीची भाषा

मज्जापेशीच्या आतील आणि बाहेरील द्रवांत क्षारांचे विद्युद्भारित कण असतात. पेशी विश्रांती घेत असताना तिच्या आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पेशीस पुरेशी चेतना मिळाली की तिच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे उघडतात, सोडियमचे धनभारित कण आत धावतात आणि आतील दाब क्षणार्धात सुमारे १०० मिलिव्होल्टने चढून पुन्हा खाली येतो. हा सारा खेळ सेकंदाच्या जवळजवळ हजाराव्या भागात आटोपतो. या क्षणिक उसळीस आपण ‘स्पंद’ म्हणू. तो कसा निर्माण होतो याचे गणित हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी माकूळ वर्गातील एका सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये मांडले. त्याबद्दल १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या स्पंदाविषयी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे. स्पंद एक तर पुरता उठतो, नाही तर मुळीच उठत नाही. अर्धा स्पंद किंवा पाव स्पंद असा प्रकार नाही. मग हलका स्पर्श आणि जोराचा दाब यांतील भेद मज्जातंतू मेंदूस कसा कळवतो? या प्रश्नाचे उत्तर केंब्रिज येथील एडगर एड्रियन यांनी आपले स्वीडिश सहकारी झॉटरमन यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांतून १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी बेडकाचा एक लहानसा स्नायू घेतला. त्याच्या पट्ट्या एकेक करून कापीत नेल्या, आणि अखेर ताण जाणणारे एकच इंद्रियाग्र शिल्लक ठेवले. मग त्या स्नायूस कमीअधिक वजने टांगून मज्जातंतूतील स्पंद मोजले. वजन वाढवले तेव्हा स्पंदांचा आकार वाढला नाही. त्यांची दर सेकंदाची संख्या वाढली. वजन तसेच टांगून ठेवले तेव्हा ती संख्या हळूहळू कमी होत गेली.

या दुसऱ्या गोष्टीचा पडताळा आपणांपैकी प्रत्येकास आहे. सकाळी मनगटावर घड्याळ बांधले की त्याचा पट्टा काही वेळ जाणवतो आणि मग त्याचा विसर पडतो. पट्टा सुटलेला नसतो. त्याची बातमी देणाऱ्या तंतूंचे स्पंद विरळ झालेले असतात.

पूर्वी आपल्या तारघरांत तारयंत्राचा कट्ट-कडकट्ट असा आवाज चाले. त्या यंत्रापाशीही मोठा शब्द आणि लहान शब्द असा भेद नव्हता. आवाज सारखाच; अर्थ होता तो त्या आवाजांच्या अंतरांत. मज्जापेशीची भाषाही बव्हंशी अशीच आहे. या कामगिरीबद्दल एड्रियन यांना शेरिंग्टन यांच्यासमवेत १९३२ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

सुई आणि तिचा कान

पेशीच्या आत सुई खुपसली तर १०० मिलिव्होल्टची उसळी सरळ मोजता येते. परंतु जिवंत मेंदू श्वासाबरोबर आणि नाडीबरोबर किंचित हलत असतो. अशा स्थितीत काही सहस्रांश मिलिमीटर रुंदीच्या पेशीत सुई फार वेळ टिकत नाही, आणि पेशीसही इजा होते. म्हणून पेशीच्या बाहेर, पण अगदी लगत, सुईचे टोक आणून ठेवावयाचे आणि तेथून तिचे बोल ऐकावयाचे, ही पद्धत रूढ झाली. भिंतीआडून शेजाऱ्याचे बोलणे ऐकावे तसाच हा प्रकार आहे.

भिंतीआडून आवाज मंद येणारच. आत १०० मिलिव्होल्ट असलेला स्पंद बाहेर ५० ते काही शे मायक्रोव्होल्ट इतकाच उरतो, म्हणजे जवळजवळ हजारपटीने क्षीण. हातातील विजेरीच्या दीड व्होल्टच्या घटाशी तुलना केली, तर १०० मायक्रोव्होल्ट हा त्याचा पंधरा हजारावा हिस्सा होतो. शिवाय टोक पेशीपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून फारसे दूर गेले की हा आवाज इतरांच्या गजबजीत बुडून जातो. स्पंदाच्या वेळी धनकण पेशीत शिरत असल्यामुळे बाहेरचा दाब क्षणभर ऋण होतो. म्हणून बाहेरून टिपलेला स्पंद पडद्यावर बहुधा खाली गेलेल्या बारीक काट्यासारखा दिसतो.

अशा कामास सुई कशी हवी? ती मेंदूच्या आवरणातून न वाकता शिरण्याइतकी ताठ हवी, तिचे टोक अतिसूक्ष्म हवे, आणि टोकावाचून तिचे सर्व अंग विद्युत्‌रोधक हवे. अन्यथा वाटेतल्या सर्वच पेशींचा आवाज तीत शिरेल. डेव्हिड ह्यूबेल या तरुण वैद्याने १९५७ मध्ये अशी सुई तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. टंगस्टनची तार रासायनिक द्रावणात बुडवून तीतून वीज सोडली की तिचे टोक झिजून अणकुचीदार होते. मग तिच्यावर रोधक लाखेचा लेप चढवून केवळ टोक उघडे ठेवावयाचे. विजेच्या दिव्यातील तार ज्या धातूची असे, तोच हा धातू.

या सुईस शास्त्रीय भाषेत सूक्ष्म विद्युदग्र म्हणतात. तीतून येणारा क्षीण संकेत विवर्धक यंत्राने हजारो पटींनी मोठा केला जातो. सेकंदास सुमारे ३०० कंपनांहून मंद असलेल्या लहरी गाळून टाकल्या जातात, कारण त्या गर्दीच्या गजबजीतून आलेल्या असतात. उरलेला संकेत पडद्यावर दिसतो, आणि कर्ण्यातून टक्‌, टक्‌ असा ऐकूही येतो. हे ऐकणे केवळ हौसेचे नाही. डोळे सुईकडे किंवा प्राण्याकडे असताना कान पेशीकडे ठेवता येतो. एकदा एड्रियन यांनी भेकाच्या नेत्रतंतूवर विद्युदग्र लावले होते. खोली जवळजवळ अंधारी होती, तरी कर्ण्यातून सारखा आवाज येत होता. तो का, हे प्रथम उमगेना. मग ध्यानात आले की ते स्वतः खोलीत हिंडत होते आणि त्या डोळ्यास तेच दिसत होते!

अनेकांतून एक

आता एक अवघड प्रश्न. सुईच्या टोकाभोवती दोन-चार पेशी असतील तर ऐकू येणारे सारे स्पंद एकाच पेशीचे, हे कशावरून? या प्रश्नाचे समाधान झाल्यावाचून पुढील कोणताही निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.

यासाठी दोन कसोट्या लावतात. पहिली कसोटी आकाराची. एका पेशीचा स्पंद एकाच जागेवरून ऐकला तर त्याची उंची आणि घाट जवळजवळ सारखाच असतो. जवळच्या पेशीचा स्पंद उंच, दूरच्या पेशीचा ठेंगणा. ओळखीच्या माणसाची हाक जशी आपण न पाहता ओळखतो, तसे हे स्पंद त्यांच्या घाटावरून निरनिराळे करता येतात. दुसरी कसोटी काळाची. एक स्पंद दिल्यावर पेशीस एक-दोन मिलिसेकंद विसावा घ्यावाच लागतो. त्या अवधीत ती पुन्हा बोलू शकत नाही. म्हणून एकाच पेशीचे समजलेले दोन स्पंद अर्ध्या मिलिसेकंदाच्या अंतराने आलेले आढळले, तर ते एका पेशीचे नव्हेत हे निश्चित. आज संगणक हे वर्गीकरण करतात. परंतु शेवटी कसोट्या याच.

यानंतर मोजणी येते. विद्यार्थ्यांनी पुढील काल्पनिक उदाहरण सोडवून पाहावे. समजा, एका पेशीपुढे प्रकाशाची उभी पट्टी एकेक सेकंद अशी दहा वेळा दाखवली आणि सर्व मिळून २४० स्पंद मोजले. आडवी पट्टी तशीच दहा वेळा दाखवली, तेव्हा ३० स्पंद आले. काहीही न दाखवता दहा सेकंदांत ४० स्पंद आले. म्हणजे सरासरी दर सेकंदास अनुक्रमे २४, ३ आणि ४ स्पंद. उभ्या पट्टीने पेशीचे बोलणे सहापट वाढले, हे उघड आहे. परंतु आडव्या पट्टीने ते कमी झाले असे म्हणता येईल काय? ३ आणि ४ यांतील अंतर इतके अल्प आहे की ते योगायोगानेही पडू शकते. प्रयोग अनेकदा करून पाहिल्यावाचून येथे मौन पाळणे हेच शास्त्रीय वर्तन होय.

काचेच्या कडेची सावली

१९५८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ह्यूबेल आणि त्यांचे स्वीडिश मित्र टॉर्स्टन वीझेल हे दोघे मांजराच्या मेंदूतील दृष्टिक्षेत्राचा अभ्यास करू लागले. मांजरास भूल दिलेली असे. त्याच्या डोळ्यापुढे प्रकाशाचे अथवा काळ्या रंगाचे ठिपके पाडावयाचे आणि कर्ण्याकडे कान ठेवावयाचा, असा त्यांचा क्रम होता. त्याच विद्यापीठातील स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले होते की दृष्टिपटलातील पेशी ठिपक्यांना चांगला प्रतिसाद देतात. मेंदूतील पेशींचेही तसेच असेल, असा या दोघांचा अंदाज होता. परंतु पेशी दाद देईनात. ठिपका वर, ठिपका खाली. तासन्‌तास गेले, पेशी जवळजवळ मुकी!

एके दिवशी काळा ठिपका असलेली काच यंत्रात सरकवीत असताना कर्ण्यातून एकाएकी स्पंदांचा कडकडाट सुरू झाला. दोघांनी प्रथम तो ठिपक्याचाच प्रताप मानला. पण तसे नव्हते. काच सरकवताना तिच्या कडेची एक पुसट रेषेसारखी सावली दृष्टिपटलावरून सरकत होती, आणि पेशी त्या रेषेला साद देत होती. रेषा एका विशिष्ट कलाने असली तरच. कल बदलला की पेशी गप्प. त्या एका पेशीजवळ ते दोघे नऊ तास बसून होते.

जे दिसते त्याची आकृती मेंदू कडा आणि रेषांच्या तुकड्यांपासून रचू लागतो, हा महत्त्वाचा सिद्धांत येथून निघाला. १९५९ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि १९८१ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. नशिबाने यश दिले असे कोणी म्हणेल. परंतु काचेची कड इतरांच्याही हातून सरकली असती. कडकडाट ऐकून ‘हा कशाचा?’ असे विचारणारा नऊ तास बसला म्हणून ते नशीब फळास आले.

आपल्या देशात आणि पुढे

या पद्धतीचा उपयोग आपल्या देशातही लवकर झाला. ए. एस. पेंटल यांनी फुप्फुसांतून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंपैकी एकेक तंतू वेगळा करून त्याचे स्पंद टिपले आणि १९५५ मध्ये फुप्फुसांतील एका नव्या संवेदनाग्राहकाची नोंद केली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बी. के. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुकेचे आणि तृप्तीचे नियमन करणाऱ्या मेंदूतील केंद्रांत सूक्ष्म विद्युदग्रे उतरवली. रक्तात ग्लुकोज सोडले की तृप्तिकेंद्रातील पेशींचे स्पंद वाढतात आणि भूककेंद्रातील पेशींचे कमी होतात, हे त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. पोट भरल्याची जाणीव केवळ पोटात नसते, याचा हा पेशीच्या तोंडचा पुरावा होय.

पुढे लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या, की ज्या प्राणी एका ठरावीक जागी आला की बोलतात. त्याबद्दल २०१४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हालचाल बंद पडलेल्या माणसांच्या मेंदूवर ९६ सूक्ष्म विद्युदग्रांची लहानशी चकती बसवून, नुसत्या हालचालीच्या इच्छेने संगणकाच्या पडद्यावरील खूण हलवता येते, हे २००६ मध्ये अमेरिकेत दाखवण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सुमारे पंधरा वर्षे लुळ्या असलेल्या एका बाईने यंत्राच्या हाताने कॉफीचे पात्र स्वतःच्या ओठांशी नेले. आता १० मिलिमीटर लांबीच्या एकाच सुईवर ९६० टिपणस्थाने असतात आणि त्यांपैकी ३८४ एकाच वेळी ऐकता येतात. म्हणजे एकाच्या शेजारी उभे राहणारा श्रोता आता शेकडोंच्या शेजारी एकाच वेळी उभा राहू शकतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जी पेशी क्वचितच बोलते ती सुईच्या नजरेतून निसटते. मोठ्या आवाजाच्या पेशी अधिक सापडतात. एखादी पेशी एका गोष्टीच्या वेळी बोलली, म्हणजे ती गोष्ट त्या पेशीनेच घडवली असे सिद्ध होत नाही. आणि हे सारे ज्ञान प्राण्यांच्या शरीरांवर मिळालेले आहे, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. स्वतः मेंदूच्या गाभ्यात वेदना जाणणारी इंद्रियाग्रे नसतात; तरीही प्राण्यास क्लेश न होऊ देणे हे प्रयोग करणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि आपल्या देशात १९६० च्या कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केलेली आहे.

मिटलेला डोळा

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही वडीलधाऱ्यांना हा लेख वाचावयास सांगितले, तिकडे वळू. वीझेल आणि ह्यूबेल यांनी नवजात मांजरांच्या पिलांची एक पापणी सुमारे तीन महिने शिवून बंद ठेवली, आणि मग ती उघडून मेंदूतील एकेक पेशी तपासली. हे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य मांजराच्या दृष्टिक्षेत्रातील बहुतेक पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात. या पिलांत मात्र मिटलेल्या डोळ्याला साद देणारी पेशी क्वचितच सापडली. डोळ्याचे दृष्टिपटल धड होते. परंतु मेंदूत त्याची दखल घेणारे कोणी उरले नव्हते. वयात आलेल्या मांजराचा डोळा तितकाच काळ मिटून ठेवला, तर असे काहीच होत नाही. याचा अर्थ असा, की पाहण्याच्या शिक्षणास एक ठरावीक मोसम असतो. मृगाची पेरणी जसजशी लांबते तसतसे पीक उणे येते, तसाच हा प्रकार.

माणसात हा मोसम मांजरापेक्षा पुष्कळ लांब, काही वर्षांचा असतो. पण तो असतो. मूल जन्मतःच मोतीबिंदू घेऊन आले, तर पहिल्या काही आठवड्यांतच त्यावर उपचार व्हावेत, असा नेत्रवैद्यांचा आग्रह असतो. तिरळ्या अथवा दुर्बल डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो. अशा वेळी चांगला डोळा काही तास झाकून दुर्बल डोळ्यास कामास लावतात, तेही याच कारणाने. अनुभवाने वैद्यांस जे जाणवले होते, त्याचे कारण या सुईने दाखवून दिले.

आपल्याकडे काही घरांत लहान मुलाचा तिरळेपणा हे भाग्याचे लक्षण समजतात. ‘मोठेपणी आपोआप जाईल’ असेही म्हणतात. मोठेपण येते, पण तोवर मोसम सरलेला असतो. बाळाच्या बाहुलीत पांढुरकी झाक दिसली, काही महिन्यांनंतरही डोळे तिरळे राहिले, किंवा एक विशिष्ट डोळा झाकताच मूल चिडून रडू लागले, तर विलंब न करता नेत्रवैद्यास दाखवावे. ज्यांस उशीर झाला त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात उत्तर भारतातील जन्मांध मुलांवर आठ-दहा वर्षांनंतर, किंबहुना त्याहूनही उशिरा, शस्त्रक्रिया झाल्या. त्यांची दृष्टी तीक्ष्ण झाली नाही, तरी त्यांपैकी अनेकांना उपयोगी पडेल इतके पाहता येऊ लागले. परंतु लवकर गेलेल्यास जे मिळते, ते उशिरा गेलेल्यास पूर्णपणे मिळत नाही.

विद्यार्थिमित्रहो, केसाहून बारीक टोकाची एक तार, एक कर्णा आणि तासन्‌तास ऐकत बसण्याची तयारी, एवढ्या साधनांवर हे काम उभे राहिले. एका पेशीची टकटक ऐकून काय होणार, असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर त्या दोघांनाही कदाचित उत्तर देता आले नसते. आज ते उत्तर वेळेवर उपचार झालेल्या मुलांच्या डोळ्यांत आहे. आपल्या घरात अथवा आळीत असे एखादे मूल असेल, तर आजच त्याच्या आईवडिलांच्या कानावर ही गोष्ट घालावी. या धड्याचा स्वाध्याय आम्ही एवढाच देतो.